संजीचं निम्मं धरा

आधीच सांगून ठेवते, मी थापाडी बाई आहे. मासळी विकते. पाटीतली सुरमई माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत हातभर वाढलेली असते. एकदा आमच्या खाडीत मोरी, म्हणजे शार्क, शिरली होती. तिचं वर्णन मी पालीच्या बाजारात असं केलं, की समोरच्या बाईने हातातले बांगडे खाली ठेवले आणि विचारलं, "मग होडीतली माणसं वाचली काय गो?" मोरीने होडी गिळली असं मी म्हटलंच नव्हतं. नाही गिळली, असंही म्हटलं नव्हतं.

म्हणून आमच्या घरात एक नियम होता. माझ्या नवऱ्याने, महेशने, लग्नानंतर पंधरा दिवसांत तो काढला: "संजीचं निम्मं धरा." मी म्हटलं, बंदरावर दहा बायका भांडत होत्या, की पाच धरायच्या. तासभर उभी होते म्हटलं, की अर्धा तास. माझी सासू, जिला मी आये म्हणते, ती तर माझं बोलणं चालू असतानाच भागाकार उरकायची. सगळे हसायचे. मीही हसायचे. निम्मं धरणारच आहेत म्हटल्यावर मी मुळातच दुप्पट सांगायला लागले, म्हणजे शेवटी बरोबर बसायचं.

हे आधी सांगायचं कारण, मला जो आजार झाला त्यात तुम्ही काय सांगता आणि समोरचा किती धरतो, यावर सगळं असतं. गरोदरपणात रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जातात आणि शेवटी झटके येतात, तो आजार. त्याची लांबलचक नावं डॉक्टरांकडे आहेत. मी मला झालं ते लिहिते. ज्या पोटुशी आहेत त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या सासवांसाठी जास्त.

चुना

मी पहिलटकरीण, वय चोवीस. चौथ्या महिन्यात उपकेंद्रात नाव घातलं. आमच्या गावची आशा म्हणजे वैशालीताई. तिने दोन पाकिटं हातात दिली. लाल गोळ्या रक्तासाठी, पांढऱ्या कॅल्शियमच्या.

"पांढरी दिवसातून दोनदा, जेवणावर," ती म्हणाली. "लालबरोबर नको, चहाबरोबर नको. ही नुसती हाडांसाठी नाय हां संजना. दाब वाढू नये म्हणून पण हाय."

घरी आयेने एक पांढरी गोळी नखाने खरवडली आणि जिभेला लावून बघितली. तिच्या वडिलांची चुन्याची भट्टी होती, खाडीतले शिंपले भाजून ते चुना करायचे.

"हा चुना हाय," आये म्हणाली. "माझ्या बापाने जन्मभर चुना भाजला, मला कळत नाय? हा खाऊन पोराची हाडं चिऱ्यासारखी व्हतात. टाळू पोटातच भरते. मग पोर वाटेत अडकतं नि पोट फाडतात."

आता मी सासूच्या धाकातली सून होते, असं लिहिलं तर तुम्हाला पटेल आणि मी सुटेन. पण तसं नव्हतं. मला त्या गोळ्या नको होत्या, त्याचं कारण माझं स्वतःचं होतं. त्या फुकट होत्या. मी बाजारात वाढलेली बाई. जी मासळी कोणी फुकट देतो ती शिळी असते, एवढं मला कल्ले न उघडता कळतं. जिच्यासाठी कोणी घासाघीस करत नाही, त्या वस्तूत काय राम असणार? उलट मेडिकलमधून महेशने महागाची टॉनिकची बाटली आणली होती, वर गुबगुबीत बाळाचं चित्र. तिचा थेंबही मी वाया घालवला नाही. बाटली संपल्यावर पाणी घालून विसळून प्यायले.

पांढऱ्या गोळ्या मी कुस्करून कोंबड्यांच्या कण्यांत घालायचे. आमच्या तीन कोंबड्या होत्या. त्या गोळ्या खाऊन अंडी अशी घालायला लागल्या, की फोडायला कोयती घ्यावी. एक अंडं घरंगळून पायरीवर पडलं तर पायरीचा टवका उडाला, अंड्याला काही नाही. याचं निम्मं धरा, हरकत नाही. पण कवच जाड झालं होतं हे खरं आहे, आणि ते मी रोज हातात घेऊन बघत होते. कोंबडीत गोळी काम करते हे दिसत होतं. बाईतही करेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या तपासणीला नर्सबाईंनी विचारलं, "गोळ्या संपल्या?"

"कधीच्या," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. त्यांनी कार्डावर खूण केली आणि नवी पाकिटं दिली. कोंबड्यांची सोय झाली.

काजवे

सहावा महिना संपता संपता पाय सुजले. मग हात. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. आये म्हणाली, पहिलटकरणीला पाणी चढतंच. नर्सबाईंनी दाब मोजला, पुन्हा मोजला आणि हसणं थांबवून म्हणाल्या, "आठवड्याने परत ये. चुकवू नकोस. लघवी तपासायचीय."

येते म्हटलं आणि गेले नाही. पावसाळ्याची मासेमारीबंदी उठून होड्या नुकत्या बाहेर पडल्या होत्या, बांगडा मुबलक येत होता. तो आठवडा बाजारात गेला, पुढचाही गेला.

एका सोमवारी सकाळी डोकं दुखायला लागलं. सुळ्यावर नारळ सोलतात ना, तसं कोणीतरी माझं डोकं सुळ्यावर धरून सोलत होतं. मंगळवारी डोळ्यांसमोर बारीक बारीक चमकायला लागलं. भांड्यावर बघितलं तरी, भिंतीवर बघितलं तरी. मी महेशला फोन लावला. तो लाँचवर खलाशी होता. लाँच दाभोळच्या बाजूला किनाऱ्याजवळ आली होती, म्हणून लागला.

"दोन दिवस डोकं फुटतंय माझं," मी म्हटलं. "डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

"दोन म्हणजे एक," तो म्हणाला. "आणि काजवे किती? शंभर असतील तर पन्नास धरतो."

"खरंच सांगते रे."

"पन्नास काजवे म्हणजे घरात लाईट नको. बाम लाव नि पड जरा. परवा येतोच."

त्याच्या मागे लाँचवरची माणसं हसली. मीही हसले. मला आजवर जे सलतं ते त्यांचं हसणं नाही, माझं.

आयेला सांगितलं तर ती म्हणाली, "दिवसाचे काजवे? तुलाच दिसायचे गो बाय."

आपल्या भाषेत कोणाच्याही डोळ्यांपुढे काजवे चमकतात. लाईटबिल बघून चमकतात, सोन्याचा भाव ऐकून चमकतात. मला खरोखर दिसत होतं त्याला माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता, आणि तो शब्द सगळ्यांनी आधीच वापरून झिजवला होता. मीच जास्त झिजवला होता.

संध्याकाळी बरगड्यांखाली, पोटाच्या वर, गळ टोचून ओढल्यासारखं दुखायला लागलं. आयेने पित्त म्हणून कोकमाचं आगळ पाण्यातून दिलं. प्यायले, ओकले. ताईला फोन करावा असं एकदा मनात आलं. मग वाटलं, एवढं काही नसेल. इतकी वर्षं सगळे माझं निम्मं धरत आले, त्या दिवशी मीच माझं निम्मं धरलं.

बुधवारी सकाळी मागच्या दारी बांगडे साफ करायला बसले होते. हातातली सुरी दिसेनाशी झाली. सुरी हाताला लागत होती, दिसत नव्हती. तेवढंच आठवतं.

यापुढचं ऐकीव

यात मी काही वाढवलेलं नाही. वाढवायला मी शुद्धीवर लागते.

आये सांगते, मी ताठ झाले आणि मग हातपाय झाडायला लागले. शेजारणी धावल्या. एकीने कांदा फोडून नाकाला लावला, एकीने चप्पल लावली. एकजण म्हणाली अंगात आलंय, आणि हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली. आयेने दात उघडण्यासाठी मध्ये पळी घातली. माझा पुढचा दात त्यात गेला. तो अजून नाही. बाजारात कोणी विचारलं तर मोरीने पाडला सांगते.

कोणाच्या तरी पोरीने वैशालीताईला बोलावलं. ती आली तशी ओरडली, "तोंडात काय घालू नका. कुशीवर करा तिला." तिने पळी परसात भिरकावली. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली. बंदरावर मासळीचा टेम्पो बर्फ भरून उभा होता. त्यातल्या पेट्या उतरवल्या, मला चढवलं. सड्यावरचा, उघड्या कातळावरचा रस्ता, खाली वितळतं बर्फ, माझं डोकं ताईच्या मांडीवर. वाटेत दुसरा झटका आला. रत्नागिरीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोहोचले तेव्हा मी नखशिखांत ओली होते आणि बांगड्याचा वास मारत होते. स्ट्रेचरवाल्याने म्हणे विचारलं, समुद्रात पडली काय.

डॉक्टर मॅडमनी आयेला विचारलं, "डोकं किती दिवस दुखत होतं?"

आये म्हणाली, "एक."

"डोळ्यांना काही दिसत होतं का? चमकणं, अंधारी?"

"काजवे म्हणत व्हती. पण ती काय पण म्हणते."

ताई मध्येच म्हणाली, "एक कसा? सोमवारपासून दुखतंय. तुम्हीच मला टेम्पोत सांगितलंत."

त्याने उपचारात काही फरक पडला नाही, असं मॅडमनी मला नंतर सांगितलं. दोन झटके आल्यावर दिवस मोजायचे राहत नाहीत. पण ताई म्हणते, आये तिथेच बोटांवर मोजत होती. सोमवार, मंगळवार, बुधवार.

बाळ लगेच काढायला हवं होतं, नाहीतर दोघीही गेलो असतो. महेश समुद्रात. आयेने सही केली. त्यांनी माझं पोट फाडलं. जे टाळायला आम्ही ती गोळी टाकली होती, ते.

काचेची पेटी

शुद्ध आली तेव्हा पडदे ओढलेले होते. उजेड नको, आवाज नको. कमरेत इंजेक्शन द्यायचे, तापल्या सळईसारखं. सिस्टर ठरावीक वेळाने यायची, दाब मोजायची, लघवीची पिशवी बघायची, श्वास मोजायची आणि एका छोट्या हातोडीने माझा गुडघा ठोकायची. मी म्हटलं, "सिस्टर, दरवाजा उघडत नाय वाटतं." ती हसली नाही. पाय उडाला तेव्हा मात्र तिने सुस्कारा टाकला. मग मला कळलं, औषध जास्त झालं तर पाय उडत नाही; ती हातोडी गमतीची नव्हती.

महेश गुरुवारी आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. अंगाला डिझेलचा वास.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?" तो म्हणाला, आणि रडायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं दुप्पट धरलं.

मुलगी झाली होती. तिसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीतून तिच्याकडे नेलं. काचेच्या पेटीत ती पडली होती. कार्डावर लिहिलं होतं: संजनाची मुलगी, नऊशे ग्रॅम. मला कार्ड लागत नाही. वजन मला नजरेनेच कळतं. रोज तिच्या दुप्पट वजनाची सुरमई मी एका हाताने उचलून गिऱ्हाईकाला दाखवत आले. तिची कातडी ताज्या जवळ्यासारखी होती, आरपार. नाकात नळी, पायाला चिकटपट्टी. एवढ्याशा बोटांना नखं मात्र पुरी होती.

तिथले दिवस असे. सकाळी दूध पिळायचं, वाटीत. पहिल्या दिवशी इतकं थोडं आलं की वाटीचा तळही ओला झाला नाही. सिस्टर म्हणाली, "तिला एवढंच लागतं, सोनं आहे हे." ते नळीने जायचं. मग हात धुवायचे, कोपरापर्यंत. मग पेटीच्या भोकातून एक बोट आत. वॉर्डातली सफाईवाली मावशी रोज दुपारी काम आटोपलं की माझी वेणी घालून द्यायची. न विचारता. टाके होते, हात वर जात नव्हते. तिने काहीच विचारलं नाही, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. कोंबड्यांचंसुद्धा. तिने वेणी थांबवली नाही.

आये रोज एसटीने पेज घेऊन यायची. आम्ही एकमेकींशी फक्त पेजेबद्दल बोलायचो. मीठ पुरे आहे का. पुरे आहे.

आठव्या दिवशी सिस्टरने तिला माझ्या छातीवर ठेवलं, उघड्या अंगाला अंग लावून, वरून चादर. कांगारू म्हणतात त्याला तिथे. अर्धा तास. मी तिला मोरीची गोष्ट सांगितली. या खेपेला मोरीने होडी गिळली, लाँच गिळली, बंदराचा धक्काही गिळला. तिने निम्मं धरलं नाही. ती ऐकत होती. याला कोणी काही म्हणो, ती ऐकत होती.

बाराव्या दिवशी पेटीपाशीच नाव ठेवू, असं आयेने ठरवलं. सिस्टरने कानात सांगण्यापुरती परवानगी दिली होती. आयेने नवं अंगडं शिवून आणलं होतं, बाहुलीच्या मापाचं.

अकराव्या दिवशी सकाळी तिने दूध घेतलं नाही. अंग गार पडायला लागलं. संसर्ग, मॅडम म्हणाल्या. दुपारी त्यांनी आम्हाला बोलावलं. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, माझ्या स्टुलाजवळ उकिडव्या बसल्या आणि माझा हात धरून सांगितलं. त्यांनी आडवळण घेतलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

महेशने तिला त्या अंगड्यात घेतलं. एवढ्या लहान मुलांना आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. नाव विचारलं तेव्हा तो म्हणाला, "संजनाची मुलगी."

काटा

घरी सोडायच्या दिवशी मी मॅडमना विचारलं. गोळ्या खाल्ल्या असत्या तर?

"झालंच नसतं, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "घेऊनही काहींना होतं. पण शक्यता कमी झाली असती. ज्यांच्या पोटात कॅल्शियम मुळातच कमी जातं, त्यांच्यात तर नक्की. दूध किती पिता?"

"चहापुरतं."

"मासे?"

"रोज."

"काटे खाता का?"

काटे कोण खातं? मांस खायचं, काटा मांजराला.

बाहेरच्या बाकावर एक शिकाऊ डॉक्टर कागद घेऊन बसला होता. प्रत्येकीला खर्च विचारत होता. टेम्पोचं डिझेल किती, बाहेरून आणलेली औषधं किती, नवऱ्याचे किती दिवस बुडाले. मी विचारलं, "हे कशाला?"

"एका पारड्यात गोळ्यांचा खर्च, दुसऱ्यात हे सगळं," तो म्हणाला. "सरकारला ते नीट मांडून दाखवलं, की गोळ्या गावोगाव पोचत राहतात."

"नि एक गोळी कितीला पडते?"

"अगदी स्वस्त. काहीच नाही म्हणा."

पोरगा चांगला होता. मी त्याला सगळं खरं सांगितलं, एक रुपयाही वाढवला नाही. त्याचा कागद डिझेलपासून सुरू झाला आणि खाली पेजेच्या डब्याच्या एसटी भाड्यावर संपला. मी पान उलटून बघितलं. मागे कोरं होतं.

महिनाभर आये आणि मी एका घरात राहून बोललो नाही. एक दिवस बाजारातून आले तर खुराडं रिकामं. तिने तिन्ही कोंबड्या विकल्या होत्या. कापल्या नाहीत, विकल्या. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता ती पाठमोरीच म्हणाली, "मी चुना म्हटलं नसतं तर?"

"तरी मी खाल्ल्या नसत्या, आये," मी म्हटलं. "मी फुकटचं खात नाय."

हे खरं होतं की थाप, मला माहीत नाही. तिने पूर्ण धरलं, एवढं बघितलं.

बारा

आता वैशालीताई मला उपकेंद्रात बोलावते, पोटुशा बायका जमतात त्या दिवशी. बोलायला मला लाज नाही. मी पाटी खाली ठेवते आणि सांगते. गोळी फुकट आहे म्हणून शिळी नाही. चहाबरोबर घेऊ नका, कोंबडीला घालू नका. दाब मोजायचा दिवस चुकवू नका, बांगडा कितीही येऊ दे. डोकं दुखलं, दिवसा काजवे दिसले, बरगड्यांखाली दुखलं, तोंड-हात सुजले, तर घरातल्यांच्या भागाकाराची वाट बघू नका. निघा. सांगताना कोंबड्यांच्या अंड्यांची गोष्ट आली की बायका हसतात. हसू दे. हसलेलं लक्षात राहतं.

गेल्या खेपेला एक नवी पोरगी होती, पाचवा महिना, माझ्याच वाडीत दिलेली. शेवटी तिने विचारलं, "वहिनी, मग बाळ किती दिवस व्हतं?"

"अकरा."

ती हसली. वाईट हेतूने नाही. नवऱ्याने घरी तिला सांगितलेलं असणार. "तुमचं निम्मं धरायचं ना?"

ताईच्या हातातली पाकिटं थांबली. मी त्या पोरीजवळ जाऊन बसले.

"बाय माझे," मी म्हटलं, "निम्मं केलंस तर साडेपाच व्हतात. आठव्या दिवशी ती माझ्या छातीवर व्हती, तो दिवस जातो. तेवढं कमी करू नको."

मी तिच्या हातात पांढरं पाकीट दिलं. तिने ते पदराच्या आत ठेवलं.

एक वाढवायचा मोह मला दर वेळी होतो. बारा म्हटलं, तर तिचं नाव सांगता येईल. अजून वाढवलेला नाही.